ब्लोअर वाजतोय? मोटर बदलण्याआधी पाचोळा काढा

गाडीच्या एसीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, एकवर ठेवला की टकटक, चारवर नेला की फर्रर्र, आणि वळणावर गाडी कलली की आवाज बदलतो. अशी गाडी माझ्या दुकानात आली की मी आधी विचारतो, ‘गाडी कुठल्या झाडाखाली लावता?’ सांगलीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि एसीचं काम आहे. उत्तर बहुतेक वेळा गुलमोहर नाहीतर पर्जन्यवृक्ष असंच येतं. दोन्हींची पानं इतकी बारीक की काचेखालच्या जाळीतून सहज आत उतरतात. कुणीतरी ‘मोटर गेली’ असं सांगून टाकलेलं असतं आणि माणूस पैसे घेऊन आलेला असतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी साफ करा. तासाभराचं काम आहे आणि घरी जमतं.

सुरुवात मात्र पंख्यापासून करू नका, वरून करा. बॉनेट उघडा. काचेच्या बुडाशी, वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी दिसेल. बाहेरची हवा तिथूनच आत येते. जाळीवरचा आणि दोन्ही कोपऱ्यांतला पाचोळा हाताने उचला, पाण्याच्या फवाऱ्याने आत ढकलू नका. मग मगभर पाणी हळूच कोपऱ्यात ओता. ते पुढच्या चाकाच्या मागे खाली पडलं पाहिजे. पाणी तुंबलं तर निचऱ्याचं भोक बुजलंय असं समजा. पावसाळ्यात हेच पाणी क्लीनर साइडच्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या, पायाखाली येतं आणि मॅटला वास मारायला लागतो. वरचा कचरा तसाच ठेवून नुसता पंखा साफ केला, तर दोन पावसांत तो पुन्हा वाजेल.

आता आत या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून थोडा वेळ थांबा. डॅशबोर्डच्या आसपास पिवळे कपलर, म्हणजे वायर जोडायचे प्लग, दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन अशा आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्लोअर ग्लोव्ह बॉक्सच्या खाली, क्लीनर साइडला असतो. काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो, काहींत बाजूचे स्टॉपर फिरवून काढावे लागतात. जोर लावावा लागला तर थांबा, कुठेतरी लॉक राहिलेलं असतं.

एसीचा फिल्टर असेल तर तो आधी बाहेर घ्या. कित्येक गाड्यांच्या बेस मॉडेलला फिल्टरची नुसती जागा असते, आत काहीच नसतं. अशा गाडीत पानं थेट पंख्यात जातात. तुमची तशी असेल तर काम झाल्यावर फिल्टर बसवून घ्या.

पायाशी वर्तमानपत्र पसरा, डोळ्यांवर चष्मा लावा. ब्लोअरची मोटर खालून बसवलेली असते, बहुधा तीन स्क्रूंवर. कपलरची खिट्टी दाबून तो ओढा, वायरला धरून नको. शेवटचा स्क्रू निघेपर्यंत मोटरला खालून तळहात द्या, ती जड असते. सरळ खाली उतरवली की आधी कचराच अंगावर येतो.

हातात येईल तो उभ्या पात्यांचा प्लास्टिकचा गोल डबा. नीट निरखून बघा: पात्यांच्या मधे पानांचे देठ अडकलेले असतात, आणि खालच्या कडेला धुळीचा थर ओला होऊन वाळल्यामुळे घट्ट धरलेला असतो. पंख्याचा तोल बिघडतो तो या थरामुळे, म्हणून तो पूर्ण निघाला पाहिजे. जुना टूथब्रश घेऊन एकेक पातं वरून खाली घासा. एखाद्या पात्यावर लहानशी पत्र्याची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नका. ती कारखान्यात तोल साधायला लावलेली असते, काढली तर मोटर कायमची थरथरेल. मोटरवर पाणी नको. हवेच्या नळीने पंखा गरगर फिरवायचा मोहही आवरा, त्याने बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यांत फिरतो ते, खराब होतात.

मग रिकाम्या पोकळीत टॉर्च मारून बघा. राहिलेला पाचोळा व्हॅक्यूमने ओढून घ्या. पलीकडे कूलिंग कॉइल दिसली तर तिच्या पातळ पट्ट्यांना मऊ ब्रशच लावा, त्या वाकल्या की हवा अडते.

पानांऐवजी कापूस, चिंध्या आणि लेंड्या निघाल्या तर उंदराचं घर आहे. तिथे व्हॅक्यूम किंवा कोरडा ब्रश चालवायचा नाही. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशकाने घरटं भिजवा, थोड्या वेळाने ओलं असतानाच उचला. लेप्टो हा आजार उंदराच्या मुतातून पसरतो, हे हलक्यात घेऊ नका. पुन्हा उंदीर येऊ नये म्हणून जाळीत डांबरगोळ्या टाकणारे असतात. ते मला अजिबात पटत नाही, तो वास थेट गाडीत बसलेल्या पोरांच्या नाकात जातो.

बसवताना स्क्रू आधी हातानेच धरवा, कारण आटे प्लास्टिकचे असतात. कपलर टक् वाजेपर्यंत दाबा. ग्लोव्ह बॉक्स लावायच्या आधी बॅटरी जोडून सगळे स्पीड तपासा. फक्त शेवटचाच स्पीड चालत असेल तर बहुतेक रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, जळालाय. ब्लोअरच्या हवेनेच तो थंड राहतो. हवा अडली की तापतो, आणि तो मोटरपेक्षा बराच स्वस्त मिळतो.

झाडाखाली गाडी लावताना हवेचा खटका आतल्या हवेवर ठेवून उतरा, म्हणजे बाहेरची झडप बंद राहते. वरच्या जाळीखाली मच्छरजाळी चिकटवू नका, आपल्या धुळीत ती लवकर बुजते.

एवढं करूनही मोटर चीं-चीं करत असेल, किंवा हाताने फिरवताना अडत असेल, तर बुश झिजलेत. तेव्हा मात्र खुशाल नवी घ्या, पण जुनी सोबत न्या आणि कपलर व पंख्याचा व्यास जुळतोय का ते दुकानातच बघा.