हीट पंपाच्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट लावताना

रॉली-केरी भागात घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे हिवाळ्यात फोन येतात आणि विषय बहुधा वीजबिलाचा असतो. नवा स्मार्ट थर्मोस्टॅट लावला, तरी बिल वाढलंच कसं? नॉर्थ कॅरोलिनात पुष्कळ घरांत गॅसची भट्टी नसते, हीट पंप असतो. पुण्या-नाशकात एसी आपण गार हवेपुरताच वापरलेला असतो. हीट पंप म्हणजे तोच एसी, हिवाळ्यात उलटा चालणारा. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून तो घरात आणतो. हीटिंग लावल्यावर अंगणातलं युनिट फिरताना दिसलं की समजा, हीट पंप आहे.

घर भाड्याचं असेल तर आधी मालकाची लेखी परवानगी घ्या आणि जुना थर्मोस्टॅट जपून ठेवा.

काम सुरू करण्याआधी दोन्ही ब्रेकर बंद करा, आतल्या एअर हँडलरचा (घरभर हवा खेळवणारं, पंखा असलेलं यंत्र) आणि बाहेरच्या युनिटचाही. तारांत २४ व्होल्टच असतात म्हणून काही जण ब्रेकर चालूच ठेवतात. पण वीजपुरवठ्याची ‘आर’ तार चुकून ‘सी’च्या, म्हणजे परतीच्या, तारेला टेकली, तरी एअर हँडलरच्या बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो, आणि ऐन थंडीत सगळी यंत्रणा बंद. जुनं कव्हर काढल्यावर जाड तारा किंवा १२० अथवा २४० व्होल्टचा उल्लेख दिसला, तर तिथेच थांबा. त्या घराला हा थर्मोस्टॅट चालणार नाही.

तारा सोडवण्याआधी फोटो काढा, अक्षरं स्पष्ट दिसतील असा. प्रत्येक तारेला तिच्या अक्षराची चिठ्ठी लावा. तारेच्या रंगावर विसंबू नका. ज्यानं तारा ओढल्या त्यानं हातात आलेला रंग वापरलेला असू शकतो. ‘आर’ म्हणजे वीजपुरवठा, ‘वाय’ कंप्रेसर, ‘जी’ पंखा. ‘सी’ ही परतीची तार, स्मार्ट थर्मोस्टॅटला सतत वीज मिळते ती हिच्यामुळे. ती जोडलेली नसेल तर भिंतीत मागे गुंडाळून ठेवलेली एखादी मोकळी तार सापडते का बघा. सापडली तर एअर हँडलरच्या बोर्डावरही ती ‘सी’ला जोडावी लागेल.

खरी गोम आहे ‘ओ/बी’ तारेत. गरम की गार, हे ठरवणारा व्हॉल्व्ह हिच्यावर चालतो. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रात गार हवेच्या वेळी या तारेत वीज जाते; ऱ्हीम आणि रूडच्या यंत्रांत सहसा गरम हवेच्या वेळी. ॲपमध्ये हा पर्याय उलटा निवडला गेला, तर हीटिंग लावल्यावर गार हवा येते. अशा वेळी तारांना हात लावू नका, सेटिंग बदला. आणि एक सावधगिरी: ट्रेन (Trane) कंपनीच्या कित्येक जुन्या यंत्रणांत ‘बी’ला लावलेली निळी तार म्हणजे प्रत्यक्षात ‘सी’ असते. ‘ओ’ आणि ‘बी’ दोन्हीकडे तारा दिसल्या, तर यंत्राची वायरिंग आकृती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता बिलाकडे येतो. एअर हँडलरमध्ये विजेच्या हीट स्ट्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पट्ट्या, असतात. त्यांची तार थर्मोस्टॅटवर ‘ऑक्स’ (ऑक्झिलरी, म्हणजे पूरक उष्णता) किंवा ‘डब्ल्यू-२’ला जोडायची. हीट पंप सौम्य थंडीत १ युनिट विजेवर २ ते ३ युनिट उष्णता देतो. स्ट्रिप १ युनिटला १ युनिटच देते. १० किलोवॉटच्या स्ट्रिप तासभर चालल्या की १० युनिट गेलेच. रात्री तापमान ६० फॅरेनहाइटवर उतरवून सकाळी एकदम ७० केलं, की थर्मोस्टॅट घाईनं या स्ट्रिप पेटवतो आणि रात्रीची बचत पुसली जाते. म्हणून हीट पंपाच्या घरात तापमान फार खाली-वर करू नका, दोन-तीन अंशांचा फरक पुरे. बाहेर साधारण ३५ ते ४० फॅरेनहाइटच्या वर तापमान असताना ऑक्स सुरूच होऊ नये, अशी मर्यादा सेटिंगमध्ये घालता येते. ती आवर्जून घाला. ‘इमर्जन्सी हीट’ मात्र बाहेरचं युनिट बंद पडलं तरच. त्यात सगळं घर स्ट्रिपवरच तापतं.

सगळं जोडून झालं की ब्रेकर चालू करा आणि पाच-एक मिनिटं थांबा. कंप्रेसरच्या सुरक्षेसाठी थर्मोस्टॅट मुद्दाम उशीर करतो. मग हीटिंग आणि कूलिंग दोन्ही तपासा.

जानेवारीतल्या दमट सकाळी बाहेरच्या युनिटमधून पांढरी वाफ उसळताना दिसेल. आग नव्हे, जाळीवर जमलेला बर्फ यंत्र स्वतःच वितळवतं. त्या वेळी पंखा थांबतो आणि आत स्ट्रिप लागतात. काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. हीट पंपाची हवा हाताला कोमटच लागते, भट्टीसारखी कढत नसते. ते माहीत नसलं की व्हेंटपाशी हात धरून बघतात, ‘गरम येत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट ८० वर नेतात, आणि दिवसभर स्ट्रिप जळत राहतात. त्यांना ७२ सोसत असेल तर ७२ लावा, पण तिथेच राहू द्या.