बटन दाबून मोजा: गाडीतल्या वायरलेस सेटच्या वीजजोडणीचा अनुभव

आयटीआय करून ऑटो-इलेक्ट्रिकच्या कामाला लागलेली पोरं मला विचारतात, की गाडीत वायरलेस सेट बसवायचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करावी. त्यांना वाटतं सेट उघडायला शिकलं पाहिजे. माझा अनुभव वेगळा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या बाजूला मी इतकी वर्षं हे काम करतो आहे. ‘सेट खराब आहे’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांचा सेट चांगलाच निघाला. दोष बॅटरीपासून सेटपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरीत होता. म्हणून नवीन माणसानं आधी ती वायर शिकावी.

मला हे कळलं ते एका जीपमुळं. मेळघाटात सेमाडोह, हरिसालच्या बाजूनं जंगलात फिरणारी गाडी होती. तिकडं मोबाइलची रेंज कुठं येते, कुठं जाते. रात्री वणवा दिसला किंवा कोणाला साप चावला तर वायरलेसवरच बोलावं लागतं. ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, आयकू येते चांगलं, पण बोलाले बटन दाबलं का सेटच बंद पडते. दोनदा बदलून आणला.” मी मीटर लावलं. सेटच्या मागच्या प्लगवर १२.४ व्होल्ट. मला वाटलं सप्लाय तर बरोबर आहे, म्हणजे सेटच गेला. ज्यांच्याकडं मी हे काम शिकलो ते उस्ताद खाटेवर चहा पीत बसले होते. तिथूनच म्हणाले, “बटन दाबून मोजलं का बे? नाई? मंग काय मोजलं तू?”

ड्रायव्हरला बटन दाबायला लावलं. मीटरवरचा आकडा १२.४ वरून सरळ १०.७ वर आला आणि सेटचा दिवा विझला. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ होते. म्हणजे १.४ व्होल्ट रस्त्यातच खर्च होत होते. सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटवर जोडलेला होता, वायर बारीक, आणि सॉकेटच्या आतली पत्ती ढिली होऊन काळी पडलेली.

ऐकताना सेट अर्धा-एक अँपिअर ओढतो. तेवढ्याला बारीक वायर आणि ढिला सॉकेट पुरतो. बोलताना २५ वॅटचा सेट सहा-सात अँपिअर मागतो आणि ५० वॅटचा दहा-बारा. अशा सेटना साधारण १३.८ व्होल्टवर चालायला बनवलेलं असतं, पंधरा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली गेलं की भरवसा संपला. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, अर्धी उतरलेली १२.२. आता हिशेब करा, वायरीत उधळायला तुमच्या हातात एक व्होल्टसुद्धा नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, १३.८ ते १४.४ देतो तेव्हा सगळ्या चुका झाकल्या जातात. म्हणूनच गाडी दुकानात चालू ठेवून तपासली तर ठणठणीत वाटते आणि रात्री जंगलात इंजिन बंद करून बसलं की मुकी होते.

वायरीचा हिशेब पाठ करून ठेवा. बॅटरीपासून सेट पाच मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन दहा मीटर झाली. दहा अँपिअरला १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत सुमारे १.८ व्होल्ट जातात, २.५ च्या वायरीत पाऊण व्होल्ट, ४ च्या वायरीत अर्ध्याच्या आत आणि ६ च्या वायरीत ०.३. मी २५ वॅटला ४ ची आणि ५० वॅटला ६ ची वायर टाकतो. गिऱ्हाईक पैशासाठी कुरकुर करतं, तेव्हा मजुरी कमी करा, वायर कमी करू नका. आणि वायर घेताना ब्लेडनं तार खरडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार आहे. जाडी तेवढीच दिसते, पण रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक, दाबलं की तार तुटते.

फ्यूजबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं मी स्वतः चुकलो आहे. एका गाडीत वायर बॅटरीवरून आणली आणि फ्यूज आत सेटजवळ बसवला. सेटचंच रक्षण करायचं आहे, असं माझं म्हणणं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून वायर ओढली, ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी, मिळालं नव्हतं म्हणून नुसती टेप गुंडाळली. दीड महिना धारणीच्या रस्त्यावर धक्के खाऊन पत्र्यानं टेप आणि आवरण दोन्ही कापलं. वायर बॉडीला टेकली. फ्यूज त्या जागेच्या पुढं होता, त्यामुळं तो शाबूत राहिला आणि बॅटरीचा सगळा करंट वायरीतून बॉडीत गेला. ड्रायव्हरनं धूर पाहून टर्मिनल ओढून काढलं म्हणून गाडी वाचली. आवरण वितळून वायरीवर थेंबाथेंबानं गोठलेलं मी हातात घेऊन पाहिलं आहे.

फ्यूज वायरीचं रक्षण करतो. म्हणून तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावरच बसला पाहिजे. २५ वॅटला १५ अँपिअर, ५० वॅटला २० अँपिअर. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवंच, नाही मिळालं तर काम दुसऱ्या दिवशी करा. वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटच्या आत प्लॅस्टिक नरम पडायला वेळ लागत नाही. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभी राहत असेल तर उंदरांचा विचार करून वायरीवर नालीदार पाइप चढवा.

निगेटिव्हची वायर जिथं स्क्रू दिसला तिथं लावू नये. जुन्या जीपगाड्यांमध्ये मी दोन्ही वायरी थेट बॅटरीला लावतो आणि निगेटिव्हलाही फ्यूज देतो. कारण इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी कधी तुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत तुमच्या सेटच्या बारीक वायरीतून येऊ शकतो. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं थेट टर्मिनलला लावलं तर गाडीचा बॅटरीच्या चार्जिंगचा हिशेब चुकतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथं आवळली आहे तिथं रंग घासून लावा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाजात ‘कुईं’ वाढते, ही तक्रार हमखास येते. निम्म्या वेळा ती कच्च्या अर्थिंगची किंवा दुसऱ्या उपकरणाच्या वायरीत घुसवलेल्या जोडणीची असते. तरीही राहिली तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं तर अल्टरनेटरमधला एसीचं डीसी करणारा डायोड गेला आहे.

ट्रक, डंपर, बस दिसली की आधी बॅटऱ्या मोजा. दोन दिसल्या तर सिस्टिम २४ व्होल्टची असायची दाट शक्यता, पण खात्री मीटरनंच करा. सेट सरळ लावला तर जळणार. दोघींपैकी एकीवरून १२ घ्यायची युक्ती सगळे सांगतात, ती करू नका. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ वरून १३.८ करणारा कन्व्हर्टरच लावा.

ड्रायव्हरला तीन गोष्टी समोर बसवून सांगा. स्टार्टर मारताना सेट बंद ठेवायचा, कारण तेव्हा व्होल्ट दहाच्या खाली जाऊ शकतात आणि लगेच उसळतात. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल कधीच काढायचं नाही. अल्टरनेटरचा झटका चाळीस व्होल्टच्या वर जाऊ शकतो. आणि अँटेना लावल्याशिवाय बटन दाबायचं नाही, तुम्हीही तपासताना नाही.

हत्यारांत चांगला मल्टिमीटर, थिंबल दाबायचा क्रिम्पर आणि टेस्ट लॅम्प एवढ्यानं सुरुवात होते. वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घ्याल तर डीसी मोजणारा आहे का ते दुकानातच विचारा, साधे क्लॅम्प फक्त एसी मोजतात. सेट कोणाचा आहे, त्याला परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. विनापरवाना सेट बसवून देऊ नका. स्वतः रेडिओवर बोलायची आवड असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा आहे, बारा वर्षांवरच्या कोणालाही देता येते. त्या अभ्यासात हीच व्होल्ट-अँपिअरची गणितं येतात, आणि माझा हात त्या अभ्यासानंतरच बसला.

त्या जीपला आम्ही ४ ची वायर टाकली. इंजिन बंद, बटन दाबून सेटजवळ ११.८. उस्तादांनी फ्यूज होल्डरवर कागदी टेप चिकटवून घेतली आणि माझ्याकडून तारीख, ‘१५ अँ.’ आणि ‘दाबून ११.८’ लिहून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात गाडी परत आली, ड्रायव्हर म्हणाला आवाज तुटतो. दाबून मोजलं तर ११.२. बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या क्षारानं भरलं होतं. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतलं, घासून आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. दाबलं, ११.८. टेपवर नवी तारीख लिहिली आणि गाडी घाटाकडं गेली.