सेमिस्टर संपताना या चुका टाळा: ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’

पहाटे नरकासुर जाळला, कारीट फोडलं, पाच तऱ्हांचे फोव (पोहे) खाल्ले, की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत दिवाळी सुरू होते आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांच्या पोटात गोळा येतो. सबमिशन, व्हायवा, प्रॅक्टिकल, पेपर, सगळं एका माळेत लागतं. मी नरकासुरासाठीही जागलोय आणि प्रोजेक्टसाठीही. खरं सांगायचं तर पहिलं जागरण जास्त सत्कारणी लागलं.

पाचव्या सेमिस्टरला डेटाबेसचा मिनी प्रोजेक्ट होता. विषय अर्थात लायब्ररी मॅनेजमेंट, वर्गातल्या निम्म्या लोकांचा तोच. घरी माझ्या विंडोजवर सगळं लोण्यासारखं चालत होतं. लॅबमध्ये मशीन उबुंटूचं, म्हणजे लिनक्सचं. पेनड्राइव्हवरून फोल्डर टाकला, रन केलं आणि स्क्रीनभर लाल अक्षरं.

“सर, घरी चालत होतं.”

“मग घर आणलंस का बरोबर?”

पहिली चूक अशी की फोल्डर आणला, म्हणजे डेटाबेस आला असं मी समजलो. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा डेटा प्रोजेक्टच्या फोल्डरात नसतो, सर्व्हर तो आपल्या जागी ठेवतो. त्यामुळे डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाईलीतली प्रत, काढून ती फाईल सोबत न्यावीच लागते. नशिबानं डंप मेलमध्ये सापडला. तो चढवला तरी ‘टेबल अस्तित्वात नाही’ हीच तक्रार. टेबल तर समोर दिसत होतं! वीस मिनिटं घाम गाळल्यावर कळलं की टेबलाच्या नावाचं पहिलं अक्षर लहान होतं आणि क्वेरीत मी ते मोठं लिहिलं होतं. विंडोजवर मायएसक्यूएल टेबलांच्या नावात लहान-मोठं अक्षर बघत नाही, लिनक्सवर बघतं. तेव्हा नावं पहिल्यापासून सगळी लहान अक्षरांतच ठेवा. फाईलचा पत्ता सी ड्राइव्हपासून स्वतःच्या नावासकट कोडमध्ये लिहून ठेवला असेल, तर तोही आजच काढा. आणि डेमोच्या चार दिवस आधी प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर कोऱ्या पाटीवर चालवून बघा. तुम्ही माऊसला हात लावायचा नाही, मित्राला फक्त रीडमी, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते लिहिलेली फाईल, द्यायची. तो जिथे अडेल, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, त्याचं रडगाणं वेगळंच. सेमिस्टरभर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा झिपा साठवायच्या आणि शेवटच्या रात्री सगळं एकदम गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ढकलायचं, म्हणजे पुश करायचं. त्यात १०० एमबीपेक्षा मोठी एक जरी फाईल असली तरी गिटहब पुश नाकारतं. मग आपण ती फाईल डिलीट करून नवा कमिट (बदलांची नोंद) करतो, तरी नकारच. कारण फाईल जुन्या कमिटमध्ये बसलेलीच असते. ती शेवटच्याच कमिटमध्ये आली असेल, तर गिटच्या ट्रॅकिंगमधून काढा आणि तोच कमिट अमेंड (दुरुस्त) करा. घाबरून हार्ड रीसेट मारलात, म्हणजे सगळं जुन्या कमिटवर परत नेलंत आणि कमिट गायब झाले, तर रीफ्लॉग (गिटनं ठेवलेली मागच्या हालचालींची यादी) बघा, बहुतेक वेळा सापडतात. कमिटच न केलेलं काम मात्र तिथे मिळत नाही. म्हणून जेवायला उठतानाही कमिट करा, मेसेज कसाही असो.

पेपरातली एक चूक तर दर वर्षी होते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पेज रिप्लेसमेंटचं, म्हणजे मेमरी भरली की कुठलं पेज (डेटाचा तुकडा) बाहेर काढायचं याचं, गणित हमखास येतं. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ हा पेजांचा क्रम फिफोनं (आधी आलेलं आधी बाहेर) सोडवा. ३ फ्रेम (मेमरीतल्या पेजच्या जागा) घेतल्या तर ९ पेज फॉल्ट, म्हणजे हवं ते पेज मेमरीत नसण्याच्या वेळा, ४ घेतल्या तर १०. जागा वाढवली आणि फॉल्टही वाढले, हीच १९६९ साली मांडलेली बेलाडीची विसंगती. आता गोची बघा. हिट झाला, म्हणजे हवं ते पेज मेमरीत आधीच सापडलं, की अनेक जण त्या पेजला रांगेच्या शेवटी नेऊन बसवतात. फिफोत हिट झाल्यावर रांगेला हातही लावायचा नसतो. लावलात की तुम्ही नकळत एलआरयू (सगळ्यात आधी वापरून झालेलं पेज बाहेर) सोडवता, उत्तरं १० आणि ८ येतात आणि विसंगती कुठे दिसतच नाही. वर पुन्हा ‘पुस्तकातलं उदाहरण चुकीचं आहे’ असा वाद! फ्रेम कोऱ्या असतानाचे सुरुवातीचे फॉल्टही मोजायचे, तेही बरेच जण विसरतात. हे गणित स्क्रीनवर वाचून येत नाही, कागदावर तक्ता आखूनच करा.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल प्रवचन देत नाही, मीही घेतलाय. पण एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) एका लूपवर बोट ठेवून “ही अट काढली तर काय होईल?” एवढंच विचारतात. तेवढ्याचं उत्तर तरी आपलं असू द्या.

राहिलं जर्नल. झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या. त्याच्या मशीनवर माझा फाँट नव्हता. ईआर डायग्राम (डेटाबेसमधले संबंध दाखवणारी आकृती) अर्धा एका पानावर, अर्धा दुसऱ्यावर छापून आला. मागे पंधरा जणांची रांग होती, म्हणून मी तसाच फाईलला लावला आणि मधली रेघ पेनानं जोडली.