हायस्कूलचे प्रिन्सिपल आणि काउन्सेलर: रोजच्या कामातल्या या चुका टाळा

हायस्कूलमध्ये दिवस कोणाच्या कामात जातो माहितीये? जो जास्त आवाज करतो त्याच्या. चिडलेले पालक, मारामारी केलेली पोरं, अचानक रजा टाकलेले सर, आजच्या आज हवा असलेला रिपोर्ट, हे सगळं दारात येऊन उभं राहतं आणि प्रिन्सिपल ते निपटत बसतात, मग संध्याकाळ होते. गप्प बसणारा मुलगा किंवा मुलगी मात्र कोणाच्याच यादीत नसते. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक इथूनच सुरू होतात, आणि त्या आळशी लोकांच्या नाहीत, उलट दिवसभर धावणाऱ्यांच्या आहेत.

दार दिवसभर उघडं ठेवणं

"माझं दार सगळ्यांसाठी कायम उघडं आहे" हे ऐकायला छान वाटतं, पण प्रत्यक्षात दर पाच मिनिटांनी कोणीतरी डोकावतं आणि एकही काम धड पूर्ण होत नाही. दार बंद करा असं मी म्हणत नाहीये. वेळ ठरवा, म्हणजे सकाळी अर्धा तास आणि सुटण्याआधी अर्धा तास कोणीही या, आणि बाकी वेळेसाठी बाहेर ऑफिसमध्ये जे बसतात त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. कोणाला धोका आहे का? आजच्या आज व्हायलाच हवंय का? दुसरं कोणी करू शकतं का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर थेट आत, मीटिंग चालू असली तरी. बाकीच्यांना वेळ द्यायची, आणि दिलेली वेळ पाळायची, ती पाळली नाही की लोक पुन्हा दारात येऊन उभे राहतात आणि त्यात चूक त्यांची नसते.

वर्गांच्या राउंडचंही असंच होतं. राउंड फक्त तक्रार आल्यावर मारला तर प्रिन्सिपल दिसले की अख्खा मजला ताठ होतो आणि खरं शिकवणं दिसतच नाही. पाच-दहा मिनिटं, हातात पॅड न घेता, आठवड्यातून ठरलेल्या तासांना जाऊन मागे बसा, आणि त्याच दिवशी त्या शिक्षकांना एक नेमकी गोष्ट सांगा. "छान चाललंय" हे काही नेमकं नाही. "मागच्या बाकावरच्या मुलीला उत्तर द्यायला तुम्ही थांबलात, तिने दिलं" हे नेमकं.

काउन्सेलरला रिकामा माणूस समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. काउन्सेलरला ठरलेला वर्ग नाही, टाइमटेबलमध्ये नाव नाही, मग कोणी गैरहजर असलं की प्रॉक्सी तास त्यांना, परीक्षेचं सुपरव्हिजन त्यांना, टाइमटेबलचे बदल, फॉर्म तपासणं, डबा खायच्या वेळची ड्युटी, कार्यक्रमाचं निवेदनसुद्धा. प्रत्येक काम छोटंच असतं आणि "आज एकच तास घ्या ना मॅडम" याला नाही म्हणणं जड जातं. पण ज्या मुलाने तीन दिवस हिंमत गोळा करून तुमच्या खोलीचं दार वाजवलं आणि खोली बंद दिसली, तो पुन्हा येईलच असं नाही.

अमेरिकेतली स्कूल काउन्सेलर असोसिएशन 250 विद्यार्थ्यांमागे एक काउन्सेलर असावा म्हणते, आणि त्यांचा किमान 80 टक्के वेळ मुलांसाठीच्या कामात जावा, थेट भेटी असोत किंवा मुलांसाठी शिक्षक-पालकांशी बोलणं असो. हा आकडा तिथेही बऱ्याच शाळांना गाठता येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे प्रमाण बिघडलेलं असेल तर ते एकट्या काउन्सेलरच्या हातात नाही. पण वेळ कुठे जातो ते दाखवणं हातात आहे. दोन आठवडे साधी नोंद ठेवा, अर्ध्या अर्ध्या तासाची, मुलांचं काम, कागदाचं काम, प्रॉक्सी, ड्युटी असे चार रकाने. ती नोंद घेऊन प्रिन्सिपलकडे जा. "माझ्यावर फार लोड आहे" असं सांगू नका, सगळ्या शाळेवरच लोड असतो, त्या वाक्याने काही हलत नाही. "या दोन आठवड्यांत इतके तास प्रॉक्सीत गेले आणि त्या वेळात ठरलेल्या इतक्या भेटी रद्द झाल्या" असं सांगा. मग दोघांनी मिळून ठरवा की कोणते तास कोणत्याही कारणाने तोडायचे नाहीत, आणि ते कागदावर घ्या, स्टाफरूममध्ये लावा.

प्रिन्सिपल ऐकतच नसतील तर? सगळं एकदम मागू नका. सुट्टीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोनच तास मागा, कारण मुलं तेव्हाच येतात.

"याला जरा समजवा" म्हणून पाठवणं

वर्गात गोंधळ घातला की काउन्सेलरकडे पाठवायचं, म्हणजे ती खोली शिक्षेची खोली झाली. मग तिथे जाणारा प्रत्येक मुलगा "काहीतरी केलंय याने" अशा नजरेने बघितला जातो आणि खरंच बोलायचं असतं ती मुलं फिरकत नाहीत. शिस्तीचा निर्णय प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपलनी घ्यावा. काउन्सेलरने शिक्षा देऊ नये, शिक्षा किती असावी यावर मतही देऊ नये. शिक्षकांनी पाठवताना चिठ्ठीत काय दिसलं ते लिहावं, निदान लिहू नये. "आठवडाभर पहिल्या तासाला झोपतो, डबा उघडत नाही" ही चांगली चिठ्ठी. "डिप्रेशन वाटतंय, बघा" ही वाईट.

आणि मग शिक्षक दुसऱ्या दिवशी विचारणारच, काय म्हणाला तो? इथे काउन्सेलर दोन टोकं गाठतात, एकतर सगळं सांगून टाकतात नाहीतर तोंडाला कुलूप. मधला रस्ता असा: भेट झाली, पुढची भेट ठरलीये, वर्गात त्याला पुढच्या बाकावर घ्या आणि आठवडाभर मोठ्याने वाचायला लावू नका. शिक्षकाला एवढं पुरतं, आणि आपण पाठवलेलं वाया गेलं नाही हेही कळतं.

"कोणालाही सांगणार नाही" असं वचन देणं

देऊ नका. कधीच. मूल रडत असतं, आपल्यालाही वाटतं की म्हणून टाकावं, पण पुढच्याच वाक्यात ते असं काही सांगू शकतं जे सांगावंच लागेल. पहिल्याच भेटीत, काही निघायच्या आधी, साध्या भाषेत सांगा: आपलं बोलणं आपल्यातच राहील, पण तुला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि शक्यतो तुला सांगूनच बोलवीन. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने तारासॉफ खटल्यात हेच तत्त्व थेरपिस्टसाठी मांडलं होतं, दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर तिथे गुप्तता संपते. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा असतो, तुमच्याकडे कोणाला आणि किती वेळात कळवायचं हे वर्षाच्या सुरुवातीलाच वाचून भिंतीवर लावा, प्रसंग आल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

आत्महत्येच्या विचारांबद्दल तर भरपूर गैरसमज आहेत. विचारलं तर डोक्यात येईल या भीतीने लोक विचारतच नाहीत. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय, उलट मुलाला हलकं वाटू शकतं की कोणीतरी विचारलं. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं सोडू नका, वॉशरूमलासुद्धा नाही, आणि "घरी जा, आईला फोन करतो" म्हणून पाठवू तर अजिबात नका. पालक किंवा जबाबदार माणूस प्रत्यक्ष येईपर्यंत कोणीतरी सोबत हवं, आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यायची व्यवस्था हवी. धोका घरातूनच असेल तर पालकांना बोलवण्याआधी बालसंरक्षणाच्या यंत्रणेशी बोला. काही शाळा मुलाकडून "मी असं काही करणार नाही" असं लिहून सही घेतात, त्याचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही, तो कागद मोठ्यांच्या समाधानासाठी असतो. त्यापेक्षा मुलासोबत बसून ठरवा की असा विचार आला तर आधी काय करायचं, कोणाशी बोलायचं, कोणाला फोन करायचा. आणि तो मुलगा शाळेत परत येईल त्या दिवसाची तयारी आधी करा, बरेचदा तीच राहते.

दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं

भांडण बरोबरीच्या दोघांत असेल तर ठीक आहे. पण एकाची ताकद जास्त आणि तो पुन्हा पुन्हा त्रास देतोय, तर ते भांडण नाही, बुलिंग आहे. यावर नॉर्वेत डॅन ओल्वेअस यांनी बरंच काम केलंय, त्यांच्या व्याख्येत हे दोन्ही मुद्दे आहेत, वारंवार होणं आणि ताकदीतला फरक. अशा वेळी समोरासमोर बसवलं की त्रास सोसणारा भीतीपोटी "हो, मिटलं" म्हणतो आणि बाहेर पडल्यावर दुप्पट सोसतो. वेगवेगळं बोला, बघणाऱ्यांशीही बोला, आणि मग तीन-चार दिवसांनी स्वतःहून जाऊन विचारा. "काही झालं तर सांग" म्हणणं म्हणजे जबाबदारी पुन्हा त्याच्याच डोक्यावर टाकणं.

सरासरी हजेरी बघून निवांत होणं

शाळेची हजेरी 94 टक्के आहे म्हणजे छान, असं वाटतं. पण त्यात काही मुलं अशी असतात जी दर महिन्याला दोन-तीन दिवस गायब असतात आणि सरासरीत दिसत नाहीत. बऱ्याच ठिकाणी 10 टक्के दिवस बुडाले की ते गंभीर धरतात, म्हणजे 180 दिवसांच्या वर्षात 18 दिवस, महिन्याला जेमतेम दोन. म्हणून सरासरीऐवजी नावांची यादी मागवा, दर दोन आठवड्यांनी, आणि कोणत्या वारी, कोणत्या तासाला बुडतंय ते बघा. ठराविक विषयाच्या दिवशीच पोट दुखत असेल तर मग पोटाचं नाही ते.

उशिरा येणाऱ्यांना पहिला तास बाहेर उभं करणं हा तर विचित्रच प्रकार, तास बुडाला म्हणून आणखी तास बुडवायचा. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप येत नाही, आणि या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने 2014 मध्येच सांगितलं होतं की या मुलांची शाळा 8:30 च्या आधी सुरू करू नये. वेळ बदलणं तुमच्या हातात नसेल, पण पहिल्या तासाला टेस्ट न ठेवणं नक्की आहे.

नोंदींबद्दल थोडक्यात: "हट्टी आहे" लिहू नका, "दोनदा बाक ढकलला, नाव विचारल्यावर बोलला नाही" लिहा. ती फाइल उद्या पालक वाचू शकतात. आणि पालकांना फोन फक्त वाईट बातमीसाठी करत असाल तर शाळेचा नंबर दिसला की ते उचलणारच नाहीत.

प्रिन्सिपल आणि काउन्सेलर फक्त संकटात भेटणं

आठवड्याला अर्धा तास, ठरलेला वार. त्यात मुलांची गुपितं बोलायची गरज नाही, चित्र काय दिसतंय ते बोला, म्हणजे कोणत्या वर्गातून एकदम जास्त मुलं येतायत, परीक्षेच्या आधी काय वाढलं, जिन्याखाली काय चाललंय. आणि वर्षातून दोनदा एक साधा प्रयोग करा. सगळ्या मुलांच्या नावांची यादी स्टाफरूममध्ये लावा, शिक्षकांनी अशा प्रत्येक नावापुढे खूण करायची ज्या मुलाबद्दल त्यांना मार्कांशिवाय काहीतरी माहितीये. शेवटी काही नावं कोरी राहतात. तीच वाटून घ्या, एका शिक्षकाकडे दोन-तीन, मुलांना न सांगता, आणि रोज त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायला सांगा. ती यादी लगेच काढून ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ही मीटिंग सारखी रद्द होत असेल तर तिची वेळ शाळा सुटल्यानंतरची असणार, बहुतेक. ती घंटेच्या आधी घ्या, केबिनमध्ये नको, काउन्सेलरच्या खोलीत, तिथे प्रिन्सिपलना कोणी शोधायला येत नाही.