रोमन मोजे करायचे तर विणायच्या सुया बाजूला ठेवा

रोमन वेश केलेल्याच्या पायात दोन सुयांवर विणलेले मोजे दिसले, की वरचे चिलखत कितीही अस्सल असो, सगळे मुसळ केरात. दोन सुयांच्या विणकामाचे जुने नमुने इजिप्तमधले आहेत आणि तेही सुमारे ११ व्या शतकापासूनचे. इजिप्तमध्ये सापडलेले रोमन काळातले लोकरी मोजे एकाच बोथट सुईने, फासातून दर वेळी सगळा धागा ओढून केलेले आहेत. या पद्धतीला नालबिंडिंग म्हणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन शहरातली लाल जोडी आहे, तर ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्याच अँटिनोपोलिस शहरातला लहान मुलाचा पट्टेदार मोजा. दोन्हींत अंगठ्याला वेगळा कप्पा आहे, कारण वर सपाता घालायच्या असत.

पण आधी काळ ठरवा. हे मोजे साधारण ३ ऱ्या ते ५ व्या शतकातले. ब्रिटनमध्ये विंडोलांडाच्या रोमन लष्करी ठाण्यावर मिळालेल्या, इ. स. १०० च्या आसपासच्या पत्रातही मोज्यांच्या जोड्या पाठवल्याचा उल्लेख आहे. तिथे सापडलेला मुलाचा मोजा मात्र कापडाचे तुकडे शिवून केलेला आहे. तुम्ही वेश घेतलेला शिपाई त्या काळातला, त्या मुलखातला असेल तर लोकरी कापड बेता आणि सरळ शिवा. खालची कृती इजिप्तच्या मोज्यांची.

सामान थोडेच लागते. ७-८ सेंटीमीटरची चपटी, बोथट, मोठ्या नाकाची हाडाची किंवा लाकडी सुई आणि मोठ्या माणसाच्या जोडीला सुमारे दीडशे ग्रॅम तीन पदरी लोकर. लोकर सुपरवॉश, म्हणजे धुताना आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली, नको. इथे गुंड्यावरून सलग काम होत नाही. दीड-दीड मीटरचे तुकडे घेऊन टोके ओली करायची आणि तळहातांत घासून एकजीव करायची. सुपरवॉश लोकर एकजीव होतच नाही, मग जागोजागी गाठी येतात आणि त्या तळव्याला टोचतात. घोंगडीची भरड लोकरही घेऊ नका, ती पायाला चावते.

टाका असा: सुरुवातीच्या कडीत काजाचे टाके घाला. पुढच्या फेरीपासून सुई खालच्या फासाच्या पोकळीत घालायची नाही. फासाचे दोन पाय जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथे दोन्ही पायांच्या मागून आडवी काढायची. पोकळीत घातली तर जाळी होते. बरोबर जमले की सुलट टाक्यासारखे उभे रकाने दिसतात, फक्त प्रत्येक फासाला पीळ असतो.

खालचे आकडे सेंटीमीटरला दोन टाके धरून दिले आहेत. अंगठ्याची नळी ६ टाक्यांनी सुरू करा, १८ पर्यंत वाढवा, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्यापर्यंत आणा आणि वीतभर धागा ठेवून तोडा. बाकी चार बोटांची पिशवी ८ टाक्यांवरून दोन्ही कडांना वाढवत ३६ पर्यंत न्या. वाढवायचे म्हणजे एकाच जागी दोन टाके.

आता बेचके. बहुतेक मोजे इथेच फसतात. दोन्ही नळ्या एकाच दिशेने फिरवलेल्या असायला हव्यात. एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरी उलट केली असेल तर जोडल्यावर अंगठ्यावरचा पीळ उलटा दिसतो, त्याला इलाज नाही. नळ्या शेजारी ठेवा आणि समोरासमोर येणारे तीन-तीन फास रंगीत दोऱ्याने बांधून बाजूला काढा. पिशवीची फेरी त्या तीन फासांपर्यंत आणा, अंगठ्याच्या नळीवर जा, तिथले १५ टाके घाला आणि पिशवीवर परत या. ३३ आणि १५ मिळून ४८ होतात, म्हणजे २४ सेंटीमीटरचा घेर.

ओलांडताना धागा करकचून ओढायचा मोह होतो, कारण कोपऱ्यात भोक दिसते. ओढू नका. ताणलेला धागा अंगठ्याच्या मुळाशी रुततो आणि सपातेचा पट्टा नेमका तिथेच बसतो. दोन फेऱ्या सैलच जाऊ द्या. मग आत राखलेल्या धाग्याने समोरासमोरचे फास एकास एक जोडा आणि शेवटी कोपऱ्यातले भोक त्याच टोकाने भरा. कड वर येईल अशी शिवण घालायची नाही. मोजा उलटून बेचक्यावरून नख फिरवा. नख अडले तर उसवा.

घोट्याच्या पुढच्या घडीपर्यंत सरळ फेऱ्या घाला.

टाचेसाठी सोपा मार्ग: तळव्याकडच्या २४ टाक्यांवरच पुढे-मागे काम करून साडेपाच सेंटीमीटरची पट्टी करा, तिची शेवटची कड मधोमध दुमडून शिवा. एकाआड एक ओळीत पीळ उलटा पडेल, पडू द्या. टाच सुरू करण्यापूर्वी मात्र दोन्ही मोजे जमिनीवर अंगठ्याला अंगठा लावून ठेवा आणि वरच्या बाजूला खूण करा. टाच होईपर्यंत डावा-उजवा भेद नसतो, त्यामुळे दोन डावे मोजे सहज तयार होतात. नंतर पट्टीच्या कडा आणि वरचे २४ फास धरून आठ-दहा फेऱ्या घातल्या की काम झाले.

रंग हवा असेल तर मंजिष्ठेचा लाल चालेल. अँटिनोपोलिसच्या त्या पट्टेदार मोज्यातल्या सात छटा लाल, निळा आणि पिवळा अशा तीनच वनस्पतिज रंगांतून काढल्या आहेत. रंगवायचे ते लोकर लडीत असतानाच. तयार मोजा गरम रंगात बुडवून ढवळला तर लोकर आटते, आणि अंगठ्याचा कप्पा बोटात जाईनासा होतो.