उंटाला गुडघे टेकायला लावण्याआधी

सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेच्या, दुसऱ्या वर्षी उन्हाळी सेवेसाठी मला नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत पाठवले होते, आणि तिथल्या पहिल्याच उपासनेत मी मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायावर उपदेश केला. धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, हे वचन समजावताना मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचे एक बुटके द्वार होते. रात्री मोठी वेस बंद झाली की पाठीवरचे ओझे उतरवून आणि उंटाला गुडघ्यांवर आणून त्यातून आत घ्यावे लागे, आणि श्रीमंतानेही तसेच ओझे उतरवून नम्र व्हावे. लोकांना दृष्टान्त आवडला. उपासना संपल्यावर मात्र एक निवृत्त प्राथमिक शिक्षक जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “ताई, हे दार कुठं लिहिलंय? आणि असं दार होतंच, तर ‘मग तारण कोणाचं होणार’ म्हणून शिष्य एवढे का चपापले?”

माझ्याकडे दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. ती गोष्ट मी दुसऱ्या कोणाच्या तरी उपदेशात ऐकली होती, एवढाच माझा आधार. सुट्टीनंतर ग्रंथालयात बसून शोध घेतला तेव्हा कळले की असे द्वार पहिल्या शतकात असल्याचा काडीचाही पुरावा नाही आणि हे स्पष्टीकरण मध्ययुगातल्या भाष्यांच्या आधी दिसत नाही. उलट बॅबिलोनच्या तालमूदमध्ये, म्हणजे यहूदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात, सुईच्या नेढ्यातून हत्ती नेण्याची भाषा आहे, म्हणजे परिसरातले सर्वांत मोठे जनावर आणि सर्वांत लहान छिद्र एकत्र आणून अशक्य गोष्ट सांगण्याची ती एक रीत होती. गुरुजींनी तालमूद पाहिलेला नव्हता; त्यांनी फक्त पुढचे वचन वाचले होते, जिथे येशू स्वतःच म्हणतो की माणसांना हे अशक्य आहे. माझी ‘पार्श्वभूमी’ त्या अशक्याला अवघडाच्या पातळीवर उतरवत होती, आणि सधन श्रोत्याला त्यातून सुटायला एक बुटके का होईना, दार मिळत होते.

बायबलचा ऐतिहासिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या आधारे अभ्यास सुरू करणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते. पार्श्वभूमी हा वचनाला लावायचा मसाला नाही. ती साक्ष आहे, आणि कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे तिची उलटतपासणी व्हायला हवी: ही माहिती कोणी, केव्हा नोंदवली, आणि समोरचा मजकूर तिला दुजोरा देतो की तिच्याशी भांडतो?

नवीन विद्यार्थी थेट जाडजूड शब्दकोशांकडे धावतात. माझा सल्ला असा की आधी मजकूर स्वतः काय पुरवतो ते पाहावे, कारण बायबलचे लेखक पुष्कळदा आपल्याच वाचकांसाठी पार्श्वभूमी सांगत असतात. रूथच्या चौथ्या अध्यायात नातलगाची जमीन सोडवून घेण्याचा व्यवहार पक्का करताना एकजण आपले पायतण काढून दुसऱ्याला देतो, आणि लेखक थांबून सांगतो की पूर्वी इस्राएलात अशी चाल होती. याचा अर्थ हे पुस्तक लिहिले गेले तोपर्यंत ती चाल विस्मरणात जाऊ लागली होती. मार्क सातव्या अध्यायात हात धुण्याची यहूदी परंपरा उलगडून सांगतो, यावरून त्याचे बरेचसे वाचक यहूदी नसावेत हे कळते. यहूदी आणि शेजारच्या शोमरोन प्रांतातले शोमरोनी यांच्यात संबंध नव्हते, हे योहान चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या संवादातच सांगून टाकतो. अशा जागा पेन्सिलीने खुणावत एक शुभवर्तमान सलग वाचून काढले तरी पहिल्या महिन्यात पुरेसे काम झाले असे मी समजते.

त्यानंतरची अडचण खास आपली आहे, ती म्हणजे मराठी शब्दांची. सर्वांत जास्त धडा मला ‘कुष्ठरोग’ या शब्दाने दिला. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत ज्या विकाराचे नियम आहेत त्याला हिब्रूत ‘साराअत’ म्हणतात. मराठीत वाचताना आपल्या डोळ्यांसमोर झडलेली बोटे येतात; परंतु हे अध्याय नीट वाचले तर हा विकार कापडाला होतो, कातड्याला होतो, एवढेच काय, घराच्या भिंतीलाही होतो, आणि भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले तर याजकाने घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा तपासावे असे सांगितले आहे. भिंतीला कुष्ठरोग होत नाही, तिला ओल येते आणि बुरशी धरते. साराअत हे पृष्ठभाग बिघडवणाऱ्या अनेक विकारांचे एकत्र नाव होते आणि प्रश्न प्रामुख्याने विधिनिष्ठ शुद्धतेचा होता. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘लेप्रा’ हा खवलेयुक्त त्वचाविकाराचा शब्द वापरला. ज्याला आज आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्य वेगळेच नाव देत. पुढे दोन्हींची सरमिसळ झाली, आणि नॉर्वेतले डॉक्टर हान्सेन यांनी 1873 मध्ये या रोगाचा जंतू शोधला तेव्हाही तीच सरमिसळ रूढ होती.

यातली गंमत अशी की संस्कृत ‘कुष्ठ’ हा शब्द मुळात इतका अरुंद नव्हता. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे, आणि त्यांत साध्या त्वचाविकारांचाही समावेश आहे. म्हणजे जुन्या अर्थाने घेतला तर आपला शब्द साराअतच्या बराच जवळ जातो, आणि आजच्या अर्थाने घेतला तर दूर. ज्या महाराष्ट्रात कुष्ठरोग्यांना गावाबाहेर काढले जात असे आणि ज्यांच्यासाठी मिशन रुग्णालये व पुढे आनंदवनासारखी वसाहत उभी राहिली, तिथे या वचनांचा उपदेश करताना हा फरक न सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. साराअत झालेला नामान हा अरामी सेनापती राजदरबारात वावरत होता, ही गोष्टही या फरकाशिवाय नीट समजत नाही.

शब्दानंतर प्रसंग. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त सर्वांना पाठ असतो, म्हणूनच तो सरावासाठी घ्यावा: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) ओलांडून जातात, आणि शोमरोनी मदत करतो. याजक आणि लेवी जखमी माणसाला ओलांडून का गेले याचे ठरलेले उत्तर असे की तो मेला असेल तर प्रेताला शिवून ते विटाळले असते आणि मंदिरातली सेवा चुकली असती. मीही परीक्षेत हेच लिहिले होते. आता नकाशा काढा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे अडीचशे मीटर. म्हणजे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या ओसाड रस्त्यात हजार मीटरचा उतार. लूक याजकाबद्दल जे ग्रीक क्रियापद वापरतो त्याचा अर्थच ‘खाली उतरत होता’ असा आहे. तो मंदिराकडे चाललेला नव्हता, मंदिराकडून परतत होता. सेवा चुकण्याची सबब त्यामुळे बरीच लंगडी पडते. प्रेताला न शिवण्याचा लेवीय एकविसाव्या अध्यायातला नियम याजकांना लागू होता, लेव्यांना त्याच कडकपणे नाही. शिवाय बेवारस प्रेत पुरणे हे कर्तव्य मानणारा विचार मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात आढळतो, आणि लूक तर त्या माणसाला ‘अर्धमेला’ म्हणतो. संपूर्ण दृष्टान्तात शुद्धतेचा एक शब्दही नाही. ते आपण बाहेरून आणलेले आहे, आणि त्याबरोबर ‘यहूदी धर्म म्हणजे निर्दय कर्मकांड’ हा पूर्वग्रहही नकळत आत येतो, म्हणून या जागी मी विद्यार्थ्यांना जास्तच दटावते.

खरी पार्श्वभूमी दुसरीकडे आहे. याजक, लेवी आणि सामान्य इस्राएली ही यहूदी समाजाची ओळखीची त्रयी होती, त्यामुळे पहिले दोघे निघून गेल्यावर ऐकणाऱ्यांची अपेक्षा असणार की आता आपल्यातला साधा माणूस येईल. तिथे शोमरोनी येतो. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केले होते; आणि जोसीफस हा इतिहासकार सांगतो की इ.स. पहिल्या शतकाच्या आरंभी वल्हांडण सणात काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात मानवी हाडे टाकली होती. ही आठवण ताजी असलेल्या माणसांपुढे ‘शेजारी’ म्हणून शोमरोनी उभा करणे काय असेल, याची कल्पना मग करता येते.

मात्र जोसीफसने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले, मिश्नाचे संकलन इ.स. 200 च्या सुमारास झाले आणि तालमूद त्याहून कितीतरी नंतरचा. ‘येशूच्या काळी यहूदी असे करत’ या वाक्याखाली पुष्कळदा पाचव्या-सहाव्या शतकातला उतारा लपलेला असतो. तो वापरूच नये असे नाही, कारण परंपरा जुनी असू शकते, पण तारीख लपवू नये.

चांगल्या खुलाशांनाही पुढे दुरुस्त्या होतात. आजच्या तुर्कस्तानातल्या लावदिकीयाच्या मंडळीला ‘तू थंड नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस’ असे प्रकटीकरणात म्हटले आहे, आणि थंड किंवा उष्ण असतास तर बरे होते, असेही. पूर्वी आपल्याकडे उष्ण म्हणजे भक्त आणि थंड म्हणजे उदासीन असा अर्थ सांगत, पण मग देवाला थंड माणूस का चालावा, हा प्रश्न उरे. शेजारच्या हिरापलीत गरम झरे, कलस्सैत थंड पाणी आणि लावदिकीयात नळातून आलेले कोमट पाणी, हे चित्र पुढे आल्यावर अर्थ उलगडला: थंडही उपयोगी, उष्णही उपयोगी, कोमट निरुपयोगी. तिथल्या दगडी नळांत साचलेले चुन्याचे थर आजही पाहायला मिळतात. तरीही हिरापलीचेच गरम पाणी वाटेत निवून लावदिकीयात येई, हे लोकप्रिय वाक्य टाळावे. शहराचे पाणी दक्षिणेकडून येत होते. अलीकडे काही अभ्यासक हे रूपक पाणीपुरवठ्याचे नसून भोजनप्रसंगी दिल्या जाणाऱ्या थंड किंवा ऊन पेयांचे आहे असे मांडतात. थंडपणा हा दोष नाही, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि उपदेशाला तेवढे पुरते.

मराठी वाचकाला या अभ्यासात काही गोष्टी फुकट मिळतात हेही सांगितले पाहिजे. खळे, उफणणी, जाते, दिवठणी हे शब्द पाश्चात्त्य विद्यार्थ्याला चित्रांतून शिकावे लागतात. येशूने बोलावले तेव्हा लेवी नावाचा शिष्य जकातनाक्यावर बसला होता हे माझ्या पिढीला लगेच दिसते. जकात गेल्यानंतर वाढलेल्या मुलांना आता तेही समजावून सांगावे लागते. पण सर्वांत मोलाचा शब्द मला करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय शिकवताना सापडला. प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, म्हणून पत्र लिहिणारा प्रेषित पौल रागावला आहे. रोमन यजमान पाहुण्यांच्या दर्जाप्रमाणे वेगवेगळे अन्न आणि मद्य वाढत, याची तक्रार धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या एका पत्रात आहे. मी हे वर्गात पाच मिनिटे समजावत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, “म्हणजे पंक्तिप्रपंच की!” अगदी तोच शब्द. त्यांनी पुढे सांगितले की त्यांच्या लहानपणी गावच्या जेवणात त्यांच्या घरच्यांना शेवटी, वेगळ्या जागी बसवत, आणि पौलाचा राग त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या बाजूचा वाटला.

इथेच सावध व्हायचे. करिंथमधला भेद मुख्यतः पैशाचा आणि दर्जाचा होता, गुलाम आणि धनी यांच्यातला होता. आपल्या पंगतीतला भेद जातीचा आणि विटाळाचा. आजींच्या शब्दाने दार उघडले, पण आत गेल्यावर खोली वेगळी आहे हे मला पुढच्या तासाला सांगावे लागले. त्यांना ते पटले, थोडे नाइलाजाने.

व्यावहारिक बाजू थोडक्यात सांगते. सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न बीडीसारखा (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) अभ्यासक्रम करणार असाल तर ग्रीक किंवा हिब्रू ‘पेपर सुटण्यापुरती’ करू नका; दोन्ही झेपत नसतील तर एकच, पण रोज अर्धा तास. पदवी करायची नसली तरी ग्रीक लिपी पंधरवड्यात येते आणि कोशात शब्द शोधण्याइतकी दृष्टी त्यातून मिळते. पंडिता रमाबाईंनी उतारवयात या दोन्ही भाषा शिकून केडगावला संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते आणि बायबल सोसायटीचे भाषांतर शेजारी ठेवून वाचले की मूळात कुठे खाचखळगा आहे ते आपोआप कळते. चांगले संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत, त्याला आज तरी इलाज नाही. सेमिनरीच्या ग्रंथपालांना विनंती केली तर बाहेरच्या वाचकाला बसून वाचू देतात, असा माझा अनुभव आहे.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा आणि पानाचे तीन भाग करा. डावीकडे मजकुरात प्रत्यक्ष काय आहे, मध्ये बाहेरची माहिती आणि तिच्यापुढे उगमाचे नाव व शतक, उजवीकडे तुमचा तर्क. माझ्या जुन्या वहीत मार्क दहाच्या पानावर मधल्या रकान्यात ‘द्वार – ऐकीव’ असे लिहून नंतर खोडले आहे, आणि डावीकडे गुरुजींचा प्रश्न तारखेसह उतरवून ठेवला आहे.