रोडिओतील आद्य काउगर्लचे चरित्र लिहिताना

रोडिओच्या, म्हणजे उधळत्या घोड्यावर टिकून बसण्यासारख्या काउबॉय-कसरतींच्या स्पर्धांच्या, रिंगणात नाव कमावलेल्या एखाद्या आद्य काउगर्लचे चरित्र लिहायला घेतल्यास आरंभ तिच्या धाडसापासून न करता तिच्या रिकिबींपासून करावा, कारण त्या काळच्या स्पर्धेची रीत ठाऊक नसेल तर नुसत्या बक्षिसांच्या यादीवरून वाचकाला काहीच उमगत नाही. उधळणाऱ्या घोड्यावर बसताना अनेक स्त्रिया दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून पट्ट्याने एकमेकींना बांधून घेत. त्यामुळे पाय बाहेर फेकले जात नसत आणि बैठक पक्की राहत असे. मात्र घोडा कोसळल्यास पाय वेळेवर सोडवणे जवळजवळ अशक्य होई. तुमची नायिका रिकिबी बांधून बसत असे की मोकळ्या ठेवून, हे सर्वांत आधी शोधून काढावे.

मोंटानाच्या फॅनी स्पेरी स्टील (१८८७–१९८३) मोकळ्या रिकिबींनी बसत, आणि १९१२ साली कॅनडातील कॅलगरी स्टॅम्पीड या रोडिओमध्ये त्यांनी मिळवलेल्या जगज्जेतेपदाचे मोल या एका तपशिलामुळे नेमके कळते. त्यांचा विवाह १९१३चा असल्याने या प्रसंगात त्यांचा उल्लेख फॅनी स्पेरी असाच करणे योग्य. रिंगण सुटल्यावरचे आयुष्यही दोन ओळींत गुंडाळू नये. मोंटानाच्या डोंगरांत शिकारी व प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या वाटाड्या म्हणून त्यांनी पुढे बराच काळ काम केले, आणि माझ्या मते चरित्राचा खरा कस तिथेच लागतो.

स्त्रियांनी उधळत्या घोड्यावर बसण्यावर आलेल्या बंदीचे प्रकरण सावधपणे हाताळावे. १९२९ साली ओरेगनमधील पेंडलटन येथील रोडिओत बॉनी मॅकॅरोल या काउगर्लचा घोडा कोसळला, बांधलेल्या रिकिबीत त्यांचा पाय अडकला आणि त्या दुखापतींतून त्या वाचल्या नाहीत. त्यानंतर पेंडलटनने हा स्त्रियांचा प्रकार बंद केला, तरी इतरत्र तो मागे पडण्याचे सगळे खापर या एका अपघातावर फोडू नये. आयोजकांनी स्त्रियांच्या स्पर्धा हळूहळू कार्यक्रमातूनच वगळल्या, म्हणून तर १९४८ साली टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे ३८ स्त्रियांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना स्थापन केली.

छायाचित्रांची तारीख तर तपासावीच. मॅकॅरोल घोड्यावरून डोके खाली होऊन फेकल्या जात असल्याचे प्रसिद्ध छायाचित्र अनेकदा त्यांच्या मृत्यूचे म्हणून छापले जाते. ते १९१५चे असून त्यातील घोडाही निराळा, सिल्व्हर नावाचा, आहे.